पांडुरंगकाकांचं गाऱ्हाणं

दहावीचा निकाल लागला की आमच्या लाटंबार्से गावच्या देवळात गर्दी होते. सायन्स की कॉमर्स, असं लोक देवाला विचारतात. पांडुरंगकाका गुरव मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावून गाऱ्हाणं घालतात, म्हणजे मोठ्यानं देवाला विनवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

काका सातवी शिकलेले. त्यांना बस कंडक्टर व्हायचं होतं. त्यांना न विचारताच वडिलांनी पूजेला बसवलं. अजूनही देवळात गर्दी झाली की ओरडतात, "पुढे सरा, पुढे सरा!" त्यांना कुणी विचारलं नव्हतं, म्हणूनच त्यांची एक अट आहे. शिकणाऱ्यानं स्वतः बोलायचं.

गेल्या वर्षी आमचे हे आमच्या मुलीला, संजनाला घेऊन गेले. मीही हार घेऊन होते.

"सायन्सात यश आसा काय, विचारा," हे म्हणाले.

"तू गप. कॉलेजात तू जातलस काय? बाय, तुझ्या मनात काय आसा?"

संजना खांबाकडे बघत पुटपुटली, "आयटीआय. फ्रीज-एसी दुरुस्ती."

ह्यांचा चेहरा उतरला. "चेडू लोकांच्या भिंतीक शिडी लावतला?"

"काजूच्या झाडार चढता, तेव्हा चलता तुका?" काका म्हणाले. मी पदर तोंडाला लावला.

"मग दोन्ही विचारा. देव ठरवूंदे," हे म्हणाले.

काकांनी पाकळ्या ताटात ठेवल्या. "थंय काय शिकवतत, नोकरी खंय गावता, तुका ठाऊक नाय. मग देवाक कित्याक तरास? शनिवारी साखळीच्या शाळेत विनोदिनी मॅडम मुलांक मार्गदर्शन करतत. आधी त्यांका भेट."

बाप-लेक गेले. मॅडमनी सायन्स घे की आयटीआय, काहीच सांगितलं नाही. दोघांना आधी आयटीआयची कार्यशाळा बघून यायला सांगितलं. तिथे दोन मुली एसी उघडून बसल्या होत्या. संजनानं सरांना प्रश्नावर प्रश्न विचारले. ह्यांना त्यातला एकही कळला नाही.

"घरात इतकं बोलणा नाय गे ही," रात्री जेवताना हे मला म्हणाले. आमटी मात्र दोनदा घेतली.

सोमवारी आम्ही पुन्हा देवळात. संजना या वेळी स्पष्ट बोलली. काकांनी पाकळी उचलली, तोच ह्यांनी त्यांचा हात धरला.

"काका, पाकळी नको."

"कित्याक रे?"

"डावी पडली तर?"

काका पोटभर हसले. पाकळ्या देवाच्या पायांवर वाहिल्या आणि नुसतं गाऱ्हाणं घातलं, "ह्या चेडवाच्या हाताक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज ह्यांचा होता.