बँडवाल्यांची अमेरिकन झालर

वरठीला आमच्या शेजारी एक टेलर आहे. लग्नातल्या बँडवाल्यांचे कोट शिवण्यात आपला हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही, असं तो स्वतःच सांगतो. नमुने तो मोबाईलवर शोधतो. अमेरिकन फौजेच्या जुन्या चित्रफिती लावतो आणि संचलनातला एखादा साहेब आवडला की चित्र थांबवून त्याच्या खांद्यावरची झालर कापडावर खडूने उतरवतो. त्यामुळे आमच्याकडे ढोल बडवणारा माणूसही निदान दोन महायुद्धं जिंकून आलेला दिसतो.

"ताई, हे लोक झोपत बी इस्त्रीतच असतीन," तो मला कौतुकाने म्हणायचा.

गेल्या महिन्यात संचलन संपलं आणि चित्रफीत तशीच पुढे चालू राहिली. कुठल्याशा देशात हेलिकॉप्टर धानाच्या शेतात उतरलं. तीच फौज उभं पीक तुडवत झोपड्या पेटवायला निघाली. टेलरची सिहोऱ्याला धानशेती आहे. त्याने शिवून तयार असलेल्या सगळ्या कोटांच्या झालरी उसवल्या.

बँडमालक येऊन बघतच राहिला. "काहून काढल्या भाऊ? परवा वरात वाजवाची हाये."

"धान लोंबीवर आला होता त्यायचा."

"कोनाचा?"

"मले का मालूम कोनाचा. पन लोंबीवर होता."

बँडमालकाने कोट उचलले आणि लग्नसराईचं सगळं काम भंडाऱ्याच्या टेलरला दिलं. आमचा टेलर आता इतर देशांच्या फौजा बघतो. "आधी शेवटपर्यंत पाहतो, मंग कापतो," म्हणतो.

बऱ्याच फौजा बघून झाल्या. कात्री अजून उचललेली नाही.