आबांचं ऐकायचं मशीन आणि म्हशीची गव्हाण

मंडळी, आज सकाळी बावड्यातल्या आमच्या गोठ्यात नुसता गोंधळ! माझे वडील, आबा, धारंला बसले की त्यांचा कान म्हशीच्या पोटाला लागतो, ऐकायचं मशीन शिट्टी मारतं आणि म्हैस बुजते. म्हणून ते मशीन काढून गव्हाणीच्या काठावर ठेवतात. आज तिथनं गायब!

मशीन ब्लूटूथचं, त्यातनं रेडिओ लहरी निघतात, मोबाईल त्या पकडतो. मोबाईल धरून गोठाभर फिरलो. गव्हाणीपाशी सिग्नल एकदम वाढला. आधी सहा महिने "मला न्हाय लागत ते" म्हणत मशीन कपाटात ठेवणारे आबाच माझ्याआधी वैरण उपसायला लागले.

सापडलं! पुसून कानात घालत म्हणाले, "आता बोल की. मगापासनं नुसतं व्हट हलवालायस."

चहा गार होईपर्यंत बोलत बसलो. तुमच्याकडं कुणाचं मशीन अजून कपाटातच पडून हाय?