सावळघाटाजवळची पायवाट

धोंडीराम गायधनींची सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगमागे गेली, आणि तीही बहुतेक नाशिक-पेठ याच रस्त्यावर. पेठ नाका मागे पडला की रामशेजचा किल्ला दिसायला लागायचा, मग द्राक्षबागा, उमराळे, सावळघाट, आणि पुढे सागाच्या रानातून पेठ. हा रस्ता त्यांना झोपेतून उठवून विचारला असता तरी वळणागणिक सांगता आला असता. रस्त्याच्या कडेनं फुटणाऱ्या वाटा मात्र त्यांना ठाऊक नव्हत्या. एखादी करवंदीच्या जाळीत शिरायची, एखादी पाण्याकडे उतरायची, एखादी टेकाडावर चढून दिसेनाशी व्हायची. माणसं तिथं उतरायची, चालू लागायची, कंडक्टर घंटी मारायचा आणि धोंडीराम गिअर टाकायचे. ही माणसं जातात तरी कुठं, असं त्यांच्या मनात यायचं. पण गाडी वेळेवर डेपोत न्यायची असायची.

निवृत्त झाले तेव्हा डेपोतल्या लोकांनी हार घातला, विनाअपघात सेवेचं कौतुक केलं, आणि धोंडीराम मखमलाबादच्या घरी येऊन बसले. बसण्याची सवय तर होतीच, पण ही बसण्याची जागा हलत नव्हती. पहिले काही महिने त्यांनी गल्लीतल्या रिक्षावाल्यांना कुठं वळायचं आणि कुठं थांबायचं ते सांगण्यात घालवले. शेवटी पत्नी कुसाबाईच म्हणाल्या, की अहो, तुम्ही काहीतरी चालवा बाई एकदाचं.

चालवायला घरात एकच गोष्ट होती. थोरला मुलगा शेखर अंबडच्या कारखान्यात नोकरीला. त्यानं दोन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं जाड टायरची, गिअरची डोंगरी सायकल घेतली होती. हौस आठवडाभर टिकली, नंतर तिच्यावर कुसाबाई टॉवेल वाळत घालू लागल्या. धोंडीरामांनी टॉवेल बाजूला केले, सायकल गच्चीवरून खाली उतरवली, दुकानात नेऊन साखळीला तेल घालून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रामशेजची वाट धरली.

डांबरी रस्ता होता तोवर सगळं छान चाललं. आशेवाडीकडून किल्ल्याच्या पायथ्याला दगडगोटे सुरू झाले, आणि उभ्या आयुष्यात कधी गाडीला ओरखडा न आणलेले धोंडीराम साध्या उतारावर सायकलीवरून उडून बोरीच्या झुडपात पडले. पडल्याचं दुःख नव्हतं, पण बघायला दहाएक माणसं होती. रविवारी सायकली घेऊन डोंगरात हिंडणारा नाशिकचा एक गट किल्ला उतरून तिथंच चहा पीत बसला होता. त्यातली वेदिका नावाची मुलगी धावत आली. व्यवसायानं ती फिजिओथेरपिस्ट, आणि त्या गटाची म्होरकी. तिनं आधी त्यांचा गुडघा तपासला, मग सायकल तपासली, आणि मग विचारलं, की काका, पडायच्या आधी तुम्ही कुठं बघत होतात?

"त्या दगडाकडं," धोंडीराम म्हणाले. "त्याच्यावर जाऊ नये म्हणून."

"म्हणूनच गेलात. जिकडे बघाल तिकडे सायकल जाते. दगडाकडे बघायचं नाही, वाटेकडे बघायचं."

आपल्या लेकीच्या वयाच्या पोरीकडून गाडी चालवायला शिकायचं, हे धोंडीरामांना त्या दिवशी जरा जड गेलं. घरी शेखरनं गुडघा पाहिला आणि अण्णा, आता हे पुरे, असं बजावलं. कुसाबाईंनी हळद लावताना चकार शब्द काढला नाही, म्हणजे त्या चांगल्याच रागावल्या होत्या. पण पुढच्या रविवारी धोंडीराम पुन्हा रामशेजच्या पायथ्याला हजर होते.

वेदिकानं त्यांना सगळं पहिल्यापासून शिकवलं. उतारावर बूड उचलून वजन मागे न्यायचं, पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही, चढ यायच्या आधीच गिअर हलका करायचा. बसमध्ये ते उंचावर बसायचे, खड्डा लागला तर तो प्रवाशांना लागायचा. इथं प्रत्येक खडा सरळ मनगटात यायचा. पावसाळा सरला, थंडी पडली, तोवर ते गटाबरोबर वाघाडच्या धरणाला जाऊन आले. काठाकाठानं जाणारी मातीची वाट, पाण्यावर धुकं, पलीकडे औषध फवारणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज. इतकी वर्षं या तालुक्यातून गाडी नेली आणि हे पाणी असं जवळून कधी पाहिलंच नाही, याचं त्यांना नवल वाटत राहिलं.

त्याच दिवशी परतताना त्यांनी वेदिकाला सावळघाटाजवळच्या पायवाटेबद्दल सांगितलं. करंजाळीच्या बाजाराच्या दिवशी एक बाई डोक्यावर पाटी घेऊन परतीच्या गाडीला बसायची आणि घाटाच्या अलीकडे उतरायची. तिथं थांबा नव्हता, पण धोंडीराम थांबायचे. बाई उतरायची आणि त्या वाटेनं ओढ्याकडे चालू लागायची. तिचं गाव कुठं ते त्यांना कधी कळलं नव्हतं. ती वाट एकदा बघायची होती. वेदिकानं चौकशी केली, वनखात्याच्या माणसांशी बोलून घेतलं, आणि डिसेंबरातल्या एका सकाळी आठ-दहा सायकली त्या वळणावर उभ्या राहिल्या.

वाट ओढ्यात उतरली, पलीकडे सागाच्या रानात शिरली. वाळक्या पानांचा एवढा थर होता की चाकाखाली पापड मोडल्यासारखा आवाज येत होता. मग चढ लागला. काळ्या दगडांच्या झिजलेल्या, रुंद पायऱ्या होत्या, मधे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं, त्याच्या काठाला शेंदूर लावलेला वीरगळ. ही कुणा जुन्या व्यापारी तांड्यांची घाटवाट असणार, असं वेदिकाला वाटलं. पायऱ्यांवर सगळ्यांनी सायकली खांद्यावर घेतल्या, धोंडीरामांची दोघांनी मिळून घेतली. पायऱ्या संपल्यावर लाल मातीचा एक उभा चढ उरला. तरणी पोरं एकामागून एक पाय टेकून उतरली आणि सायकल ढकलू लागली.

धोंडीराम उतरले नाहीत. त्यांनी सगळ्यात हलका गिअर टाकला. जत्रेच्या दिवसात टपापर्यंत भरलेली गाडी ते घाटात अशीच चढवत आले होते, घाई न करता, पहिल्या गिअरमध्ये, इंजिनाच्या आवाजाकडे कान ठेवून. आता इंजिन त्यांच्या छातीत होतं. त्यांनी नजर वाटेवर ठेवली आणि पायडल मारत राहिले. माणूस चालतो त्याहून सायकल हळू चालली होती, पण थांबत नव्हती. वर पोहोचले तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि खालून टाळ्या ऐकू येत होत्या.

वर पंधरा-वीस घरांचा पाडा होता, आणि पाड्याच्या मागे कमळं फुललेला लहानसा तलाव. एका अंगणात एक म्हातारी सुपानं नागली पाखडत बसली होती. कपाळावरच्या गोंदणावरून धोंडीरामांनी तिला ओळखलं. तिचं नाव झुंबरबाई, हे त्यांना नंतर कळलं. तिनं मात्र त्यांना ओळखलं नाही. हेल्मेट घातलेला, धुळीनं माखलेला माणूस ती ओळखणार तरी कशी? मग धोंडीराम सांगू लागले, की करंजाळीच्या बाजाराहून येताना तुम्ही माझ्या गाडीला असायच्या, घाटाच्या अलीकडं उतरायच्या.

झुंबरबाईनं सूप खाली ठेवलं.

"दिव्यावाला डायवर?" तिनं विचारलं.

धोंडीरामांना काही उमगलं नाही. झुंबरबाईनं घरातल्या सुनेला हाक मारली, शेजारच्या नाथाला बोलावलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ह्योच तो. दिवेलागणीला आपण उतरलं का ह्यो गाडी हलवायचा नाय. आपण ओढा पार करस्तवर वाटंवर दिवं धरायचा."

मग त्यांना आठवलं. त्या वळणावर गाडी जरा तिरकी उभी केली की हेडलाइटचा उजेड थेट ओढ्यावर पडायचा. बाई दगडावरून दगडावर पाय देत पलीकडे जायची, आणि मग ते निघायचे. कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं, आणि त्यांना त्यात विशेष काही वाटलंही नव्हतं. कधीकधी मागचे प्रवासी कुरकुरायचे, एवढंच. पण या पाड्यावरचा जो कुणी त्या वाटेनं आला होता, त्याच्या तोंडी हे नाव होतं. ज्या गावाचं नाव त्यांना माहीत नव्हतं, त्या गावानं त्यांना इतकी वर्षं नाव देऊन ठेवलं होतं.

धोंडीरामांना हार घातला गेला तेव्हा इतकं भरून आलं नव्हतं. ते हेल्मेट काढून हातात धरून उभे राहिले, आणि वेदिकानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

त्या दुपारी पाड्यानं कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, ठेचा. जेवल्यावर नाथानं सगळ्यांना पाण्याच्या कडेनं जाणारी दुसरी वाट दाखवली, आणि तिथून उतरताना धोंडीराम एकदाही पडले नाहीत.

दरवर्षी डिसेंबरात आता त्या वाटेनं सायकली जातात. नाशिकहून येतात, दिंडोरीहून येतात, गेल्या साली पुण्याहूनही काही जण आले. पुढे धोंडीराम असतात. पायऱ्यांवर अजूनही त्यांना सायकल उचलायला माणूस लागतो, पण तो लाल मातीचा चढ ते पाय न टेकता चढतात.

कुसाबाईंनी हे सगळं काही दिवस ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग एकदा त्या शेखरच्या मागे गाडीवर बसून सावळघाटापर्यंत गेल्या, पुढे चालत पाड्यावर गेल्या, आणि झुंबरबाईपाशी अर्धा दिवस गप्पा मारत बसल्या. काय बोलल्या ते त्यांनी घरी सांगितलं नाही. पण यंदा त्या माहेरी देवळ्याला गेल्या, तेव्हा खळ्यात कांदा निवडायला बसलेल्या भावजयांना त्यांनी धोंडीरामांची सगळी हकीकत पहिल्यापासून ऐकवली, झुडपात पडल्यासकट. धाकटी भावजय म्हणाली, की या वयात डोंगरात सायकल म्हणजे भीती नाय का वाटत?

कुसाबाईंनी हातातला कांदा पाटीत टाकला. "भीती कशाची?" त्या म्हणाल्या. "डायवर कोण हाय ते बघ की."