बाबांच्या एका डोळ्याचं पिवळं विमान

विमानाचा पहिला पंख माझ्या डोळ्यांदेखत विरघळला. थर्माकोलचा पंख. तासून, घासून तुळतुळीत केला होता. मी स्प्रे-गनमध्ये ट्रॅक्टरचा पिवळा रंग भरला, थिनर टाकलं, कॉम्प्रेसर लावला आणि फुर्रकन पहिला हात मारला. पंखाला आधी खड्डे पडले, मग भोकं पडली, आणि बघता बघता अर्धा पंख गायब. थर्माकोलला थिनर चालत नाही, हे शाळेतल्या लेकराला ठाऊक असतं म्हणे. मला नव्हतं. कनेरगाव नाक्यावर माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. अर्धं आयुष्य मी पत्र्यावर रंग मारला. पत्रा कुठं विरघळतो?

शेजारच्या ढाब्याचा मालक चहा घेऊन आला होता, तो कपासकट दारातच उभा राहिला. "गड्या, उडालं की रे विमान," म्हणाला, "आन् दिसलं बी न्हाई!"

त्याला मी काय बोललो ते इथं लिहिता येत नाही.

आता हे विमानाचं खूळ कुठून आलं, ते सांगतो. खूळ माझं नाही, माझ्या बाबांचं. बाबा ज्वानीत कपाशीच्या रानात झेंडा धरायला जायचे. त्या काळी कपाशीवर औषध मारायला पिवळं विमान यायचं. विमानवाल्याला फवारायचा पट्टा कळावा म्हणून बांधावर एक माणूस काठीला पांढरं फडकं बांधून उभा करायचे. विमान पार डोक्याजवळून जायचं, फवारा मारायचं. मग झेंडेवाल्यानं चार पावलं सरकायचं आणि पुन्हा उभं राहायचं. औषध अंगावर पडायचं. बाकीचे पोरं तोंड झाकून खाली बसायचे. आमचे बाबा मान वर करून उभे. का? तर बाबा म्हणतात, दर फेरीला विमानवाला त्यांना हात करायचा.

हे ते जन्मभर सांगत आले, आणि जन्मभर लोक हसत आले. "तुला हात करायला तो काय तुझा मेहुणा हाय?" "माशी हाणत असंल." ढाबेवाल्याचं म्हणणं, तो घाम पुसत असेल. बाबा चिडायचे, उठून जायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगायचे.

अशात त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. माणूस समोर आला तरी आवाजावरून ओळखायचे. हिंगोलीच्या डॉक्टरनं सांगितलं, ऑपरेशन साधं आहे, एकेक डोळा करू. बाबा म्हणाले, न्हाई. त्यांच्या ओळखीतल्या एकाचा डोळा कधीकाळी ऑपरेशनात गेला होता, ते डोक्यात बसलेलं. मी रागावलो, बायकोनं समजावलं. शेवटी एक दिवस स्वतःच बोलले.

"डोळा गेला तर गेला. पण जायच्या आधी ते विमान एकडाव पाहू दे. त्याच रंगाचं. आन् त्यानं हात केला पायजे."

बापानं आयुष्यात मला काही मागितलं नव्हतं. मागितलं ते विमान. हसावं का रडावं!

तर दुसरा पंख केला. त्याला खाकी कागद पांढऱ्या गोंदानं चिकटवला, वर भिंतीचा पाण्यातला रंग. मोबाईलवर बघून बघून विमान बराबर नकाशाबरहुकूम बांधलं, उडवायलाही तिथंच शिकलो. शिकताना दोन साधी विमानं कडूलिंबावर आपटली, ते सोडा. हे मात्र देखणं झालं. अंगावर गोंदाचे बारीक थेंब देऊन खिळ्यांच्या रांगा केल्या, पंखाखाली फवाऱ्याची नळी लावली, पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक कापून काच म्हणून पुढं बसवलं. आत विमानवाला. जत्रेतली प्लॅस्टिकची बाहुली होती, सोनेरी केसांची. बायकोनं तिचे केस कापले, टोपी शिवली. मी तिला खाकी सदरा रंगवला आणि मिशा काढल्या. उजव्या हाताला छोटी मोटर. रिमोटची कळ दाबली की हात वर, सोडली की खाली. करायला गेलो विमान आणि केशवपन बाहुलीचं!

ढाबेवाला म्हणे, शेपटीवर 'आई-वडिलांचा आशीर्वाद' लिही. मी म्हणालो, तुझ्या टपरीवर लिही. तरी सवयीनं माझ्याच हातानं शेपटीला ट्रॉलीसारखी लाल चमकपट्टी लागलीच. ती ओरबाडून काढली.

राहिला रंग. आता मी पेंटिंगवाला, पिवळ्याचं मला कोण सांगणार? झेंडूसारखा ठसठशीत पिवळा मारला, वाळवला, आणि बाबांना ओट्यावर बसवून विमान मांडीवर दिलं. बाबांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं.

"हे तांबडं काहून केलं?"

"तांबडं? बाबा, पिवळं हाय हे!"

"मी उभा होतो का तू? तांबडं हाय."

गेलो गॅरेजात. रंगाचं वजन झालं की विमान उडत नाही, म्हणून आधीचा थर पॉलिश पेपरनं हळूहळू घासून काढायचा, खिळ्यांचे थेंब जपायचे, मग नवा मारायचा. पिवळ्यात पांढरा मिसळला, लिंबासारखा केला. बाबा म्हणाले, "खाकी दिसून राहिला." पुन्हा घासला. अजून पांढरा टाकला. "मळकट हाय." पुन्हा घासला. माझ्या गॅरेजात दोन टेम्पो अन् एक ट्रॅक्टर रंगाची वाट पाहत उभे, गिऱ्हाईकं फोनवर शिव्या घालताहेत, आणि मी विमान घासतोय. त्या गडबडीत ट्रॅक्टरच्या दिव्यांवर रंग उडू नये म्हणून लावलेली कागदी टेप काढायचीच राहिली. गिऱ्हाईक अंधारात डोंगरकडा गावापर्यंत गेलं आणि तिथून फोन करून त्यानं माझ्या साऱ्या खानदानाचा उद्धार केला. माझ्या धंद्यातला हा जुनाच रोग. टेप लावायची याद राहते, काढायची राहत नाही.

शेवटी मी भडकलोच. "बाबा, तुमाला ऑपरेशन करायचंच न्हाई, असं सरळ सांगा! रंगाचं निमित्त काहून करून राहिले?"

बाबा विमान मांडीवर ठेवून पंखावरून हात फिरवत बसले. मला वाईट वाटलं, पण राग काही उतरला नव्हता, म्हणून मी जेवलो नाही.

गुपित फोडलं बायकोनं. तिचं आणि मामाजींचं, म्हणजे बाबांचं, वेगळंच युद्ध चालू होतं, धोतरावरून. धोतर पिवळं राहतं, नीट धूत न्हाई, म्हणून ते रोज कटकट करायचे. ती बिचारी नीळ वाढवत गेली. त्या संध्याकाळी दोरीवरून धोतर काढून तिनं माझ्यापुढं धरलं. निळंशार! नदीवर न्यावं तर मासोळ्यांनी फसावं.

"हे धोतर आज मामाजी म्हणाले, 'आता कसं पांढरंफेक निघालं.' समजलं का काही?"

मला समजलं नाही.

"अहो, काविळीला सगळं पिवळं! त्यांच्या डोळ्यातच मोतीबिंदूचं पिवळं बसलंय. तुमी पिवळं दाखवलं की त्यांना दुप्पट पिवळं दिसतं. तुमी इतके रंग घोटता, आन् एवढं उमजलं न्हाई?"

मी ओट्यावरच बसलो. म्हणजे हा फेरा असा होता: डोळे नीट झाल्याशिवाय बाबांना रंग नीट दिसणार नाही, आणि रंग नीट दिसल्याशिवाय बाबा डोळे नीट करणार नाहीत. असल्या गाठी देव बसूनच मारत असेल.

विमान पुन्हा घासलं. पांढऱ्याच्या वाटीत पिवळ्याचा एक थेंब टाकला. सायीसारखा रंग झाला. दुधाची साय, पिवळी म्हणायची तर लाज वाटावी. तोच मारला. बाबांनी विमान हातात घेतलं, उजेडाकडं केलं आणि त्यांचं तोंड असं खुललं की मी लहानपणापासून तसं पाहिलं नव्हतं.

"हां! हेच ते. बराबर हेच. अस्संच पिवळं."

ढाबेवाला तोंड उघडणार होता. "काका, हे तर..." एवढंच म्हणाला. मी त्याच्या पायावर पाय दिला, तोही जरा जास्तच.

बाबा लगेच ऑपरेशनला तयार झाले. उडवायचं नंतर, म्हणाले, पाहून झालं ते पुष्कळ हाय. उजवा डोळा झाला. पट्टी निघाली. घरी आल्यावर पहिल्यांदा त्यांनी सुनेकडं पाहिलं, खूश झाले. मग स्वतःकडं पाहिलं.

"हे धोतर निळं काहून?"

बायकोनं कपाळाला हात लावला, आत गेली, आणि आतून तिच्या हसण्याचा आवाज आला, मग भांडं आपटल्याचा.

मी विमान लपवायला निघालो होतो, पण उशीर झाला. बाबांनी ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे पांढरं हाय."

"तुमीच बराबर म्हणले होते," मी म्हणालो. माझा आवाज उगाच चढला होता. आता म्हणतील, पोरानं फसवलं.

बाबांनी उजवा डोळा तळहातानं झाकला. डाव्यानं पाहिलं. मग डावा झाकला, उजव्यानं पाहिलं. पुन्हा उजवा. असं ते करतच राहिले.

"या डोळ्यानं पिवळं हाय," उजवा झाकून शेवटी म्हणाले.

"पुन्हा रंगवतो, बाबा. आता खरं पिवळं करतो."

"हात लावू नको. मला दिसून राहिलं ना? डॉक्टरनं हा पण डोळा करायला बोलावलंय. मी सांगितलं, थांबा. ह्या डोळ्यातून ते उडताना पाहायचंय मला. मग बघू."

म्हणजे ऑपरेशन पुन्हा विमानावर येऊन अडलं! पण या वेळी मला राग आला नाही. विमान उडालं पाहिजे आणि त्यानं हात केला पाहिजे, बस्स. उडवायच्या आदल्या दिवशी काचेच्या चौकटीवर रंगाचा शेवटचा एक हात मारला आणि उडायचं मशीन तपासलं. सगळं ठाकठीक.

हरभरा काढलेलं रान होतं, पुसेगावच्या रस्त्याला. सकाळी वारा नव्हता. बाबा बांधावर उभे राहिले, हातात काठी, काठीला फडकं. फडकं म्हणजे तेच निळं धोतर फाडलेलं. ढाबेवाला आला होता, त्याच्यामागं नाक्यावरचे चार रिकामटेकडे. बायकोनं लिंबू-मिरची आणली होती. मी म्हणालो, वजन होतं. ती म्हणाली, मग मी हातात धरते. आणि धरून उभी राहिली.

विमान सुटलं. थोडं डगमगलं, मग सरळ झालं. मी वळवून ते बाबांकडं आणलं. बाबांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. चांगला, नवा, लख्ख दिसणारा डोळा झाकला आणि दुसऱ्या हातानं झेंडा वर केला. त्या डाव्या डोळ्यानं त्यांना धड ताट दिसत नव्हतं. विमान त्यांच्या डोक्यावरून गेलं. मी कळ दाबली. बाबा चार पावलं सरकले आणि पुन्हा उभे राहिले. मी पुन्हा आणलं, पुन्हा कळ दाबली.

"केला!" बाबा ओरडले. "केला, केला! हात केला त्यानं!"

मग मी विमान उतरवलं. उतरवलं म्हणजे ढेकळांत घासलं. ते लांब बांधापाशी जाऊन पडलं. मी धावलो, सगळ्यांच्या आधी पोहोचलो, वाकून काचेतून आत पाहिलं.

बाहुलीचा उजवा हात टेपनं अंगाला चिकटवलेला होता. कागदी टेप, सदऱ्याच्या रंगाचीच. आदल्या दिवशी चौकट रंगवताना मीच लावली होती, हात मध्ये येऊ नये म्हणून. काढायची राहिली. तो हात हललाच नव्हता. हलूच शकत नव्हता.

मागं पावलं वाजली. मी काच वर केली, टेप ओढून काढली, मुठीत चुरगाळली.

ढाबेवाला धापा टाकत आला. "गड्या, खरं सांग. मी टक लावून पाहत होतो. मला तर कुठं हात दिसला न्हाई. काकाला एका डोळ्यानं, ते बी त्या डोळ्यानं, कसा दिसला?"

बाबा मागून आले, काठी टेकत. आता दोन्ही डोळे उघडे होते. ते माझ्याकडं पाहत राहिले. सगळा जन्म ज्याला त्याला सांगून थकलेला माणूस.

"केला," मी म्हणालो. "मला इथून दिसला. दोन्ही फेऱ्यांना केला. आन् पुन्हा कुणी माशीबिशी म्हणलं, तर त्याच्या गाडीला मी रंग लावणार न्हाई!"

बाबांनी झेंड्याचं फडकं सोडलं, घडी घातली आणि सुनेच्या हातात दिलं.

"डॉक्टरला फोन लाव," मला म्हणाले. "हा पण डोळा करून टाकू म्हणावं. पाहून झालं."

मी खिशातून मोबाईल काढायला गेलो, पण टेप बोटांना चिकटून बसली होती. म्हणून बायकोला म्हणालो, तू लाव.