सुनेसाठी जपानी गाणं

इथे अमेरिकेत, कॅरी गावातल्याच एका हॉलमध्ये मुलाचं लग्न झालं. जेवणं झाल्यावर माझी जपानी सून माइक घेऊन उभी राहिली आणि आईवडिलांचे आभार मानणारं गाणं म्हणू लागली. त्यांच्याकडे नवरीने असं करायची पद्धत आहे म्हणे. एक कडवं झाल्यावर ती माझ्याकडे वळून कमरेत वाकली. पुढचं माझ्यासाठी होतं. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची, म्हणजे अगदीच अल्लड, आणि मराठी संस्कृती राखायचं काम देवाने मला एकटीलाच दिलं होतं. मी उठून जाहीर केलं, की आमच्यात घरच्या माणसांचे आभार मानत नाहीत, परकं वाटतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या माझ्या भाषणाला होत्या, असं मी कित्येक वर्षं समजत होते.

सून शिस्तीची. तिने नियम पाळला. नात झाल्यावर मी नागपूर सोडून इथेच राहायला आले, रांधलं, बाळाला न्हाऊमाखू घातलं. पण तिच्या तोंडून कधी 'थँक्यू' निघाला नाही. पोस्टमनला मात्र रोज मिळायचा. मी धुमसायचे. पण कायदा माझाच, तक्रार कुणाकडे करणार?

गेल्या वर्षी माझा गुडघा बदलला. दोन महिने सुनेने मला आंघोळ घातली, वेणी घातली, पाय शेकले. हिला काहीतरी म्हणायला हवं, असं रोज वाटे आणि रोज मी चहात साखर कमी आहे एवढंच म्हणे.

शेवटी तिच्याच पद्धतीने, गाण्यातून सांगावं म्हणून नातीला गाठलं. तिने फोनवर लोकप्रिय जपानी आभारगीतांची भली मोठी यादी काढली. आईसाठी वेगळं, मित्रांसाठी वेगळं, बायकोसाठीसुद्धा. इतके आभार मानूनही ती माणसं एकमेकांना परकी झालेली दिसत नव्हती. मी त्यातलं सगळ्यात संथ गाणं निवडलं, श्वास घ्यायला सवड मिळते म्हणून.

"आजी, आर यू शुअर?" नातीने विचारलं.

मी शुअर होते. माझे बहुतेक घोटाळे शुअर असतानाच झालेत.

तीन आठवडे बाथरूममध्ये रियाज केला. मग एका रविवारी सून गाजरं चिरत होती, तिच्यासमोर काठी टेकून सुरू केलं. दुसऱ्या ओळीला तिची सुरी थांबली. तिसरीला डोळे भरले. मी खूश होऊन आवाज आणखी चढवला.

"आई, तुम्ही परत चाललात का? नागपूरला?"

ते गाणं म्हणे शाळा संपल्यावर मुलं शिक्षकांचे आभार मानून निरोप घेताना म्हणतात.

मी खुर्चीत बसले. "कुठे नाही जात गं. तू माझं एवढं केलंस, ते सांगायचं होतं."

तिने डोळे पुसले, हात धुतले, समोर येऊन बसली. "मग गाण्याशिवाय सांगा."

गाजरांकडे बघत मी सांगितलं. मराठीत, चार शब्दांत.

तिने खुर्ची आणखी जवळ ओढली. मग म्हणाली, नीट ऐकू आलं नाही.

तिचे कान उत्तम आहेत. मी पुन्हा सांगितलं.