बँगकॉकच्या झाडावरची हिरवी पट्टी

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी वाचून हसणाऱ्यांतला. ग्रुपवर कुणी भुताखेताचा अनुभव टाकला की खाली "गॅसेस झाले असतील" अशी कमेंट टाकणारा तो मीच. आता तुम्ही माझ्यावर हसा, हरकत नाही... पण आधी पूर्ण वाचा.

मी आणि माझी बायको केतकी अमेरिकेत सिॲटलजवळ बेलव्ह्यूला राहतो, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. या वर्षी तिची आई अचानक गेली. आम्ही नाशिकला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. केतकीला आईचं तोंडही बघायला मिळालं नाही. ती रडलीसुद्धा नाही, नुसती घरभर कामं काढत फिरत होती.

दोन आठवड्यांनी परत निघताना बॅगा बांधल्या. बेल्टवर आपली बॅग ओळखू यावी म्हणून हँडलला चिंधी बांधायची आपल्या लोकांची सवय. केतकीने आईच्या हिरव्या सुती साडीची चार बोटं रुंद पट्टी टर्रकन फाडली आणि बांधली. आईचं काहीतरी सोबत हवं होतं तिला, एवढंच. पण ती साडी तिचे बाबा रोज उशाशी घेऊन झोपत होते, हे तिला माहीत नव्हतं.

"एकदा विचारायचं तरी होतंस," बाबा म्हणाले आणि आत निघून गेले. नमस्काराला गेलो तर खोलीचं दार लावलेलं. खाली टॅक्सी थांबलेली... तसेच निघालो.

बँगकॉकला नऊ तासांचा हॉल्ट होता. बॅगा थेट सिॲटलला चेक-इन केलेल्या. केतकीला एअरपोर्टवर बसवेना. उठ, बस, फोन लाव, पुन्हा उठ. बाबा फोन उचलत नव्हते. शेवटी सकाळीच शहरात गेलो, आणि कुठून बुद्धी झाली असं झालं. उकाडा, हॉर्न, तळणीचा धूर, फुटपाथवर पाय ठेवायला जागा नाही. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो आणि ती पुढे नुसती चालत सुटली होती.

एका गल्लीच्या तोंडाशी मोठं झाड होतं. तिकडे लोक श्रद्धेने झाडांना रंगीत कापडं गुंडाळतात. केतकी तिथे थबकली.

"निखिल, ही माझी पट्टी आहे."

"यार केतकी, हिरवं कापड जगात एकच असतं का? ट्रॅफिक बघ, फ्लाइट मिस होईल."

"टाके बघ ना."

बघितले. इस्त्रीने जळालेल्या भोकावर लाल दोऱ्याचे टाके! सासूबाईंची खोडच होती ती, सुईत असेल त्या दोऱ्याने शिवायचं. माझ्या निळ्या शर्टाचं एक बटण आजही लाल दोऱ्याने लावलेलं आहे.

काही सुचेना म्हणून फोटो काढला. केतकीने पट्टीला हात लावला नाही. हात जोडून "आई, चुकलं माझं" एवढंच म्हणाली, आणि भर रस्त्यात हमसून हमसून रडली.

सिॲटलला बॅग आली, तर हँडलला पट्टी नव्हती. चिंध्या गळून पडतात, मान्य. स्वतःला हेच समजावत घरापर्यंत ड्राइव्ह केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांचाच व्हिडिओ कॉल आला.

"अगं, दार लावून बसलो मी, चुकलंच. तू मात्र जाण्याआधी शिवून ठेवलीस!"

"काय शिवून?"

त्यांनी साडी कॅमेऱ्यासमोर धरली. फाडलेली पट्टी आपल्या जागेवर होती, जळक्या भोकासकट. आणि या काठापासून त्या काठापर्यंत लाल दोऱ्याचे बारीक टाके.

केतकीला साधं बटण लावता येत नाही. बाबांना सुईचं भोक दिसत नाही. त्या घरात तिसरं कुणी नाही.

"अगदी तुझ्या आईसारखे टाके घातलेस गं," बाबा म्हणाले.

केतकीने माझ्याकडे बघितलं.

"हो बाबा," ती म्हणाली, "तिच्याकडूनच शिकले."

साडी नाशिकला आहे, अख्खी. फोटो माझ्या फोनमध्ये आहे, आणि त्यात पट्टी झाडावर आहे. मी कितीदा झूम करून बघितलं असेल, काही अर्थ लागत नाही. बाबा आता रोज केतकीला फोन करतात. त्यांना खरं सांगायची आमची अजून हिंमत झालेली नाही.