किल्लेदारीण कुठे मरते

मी मुळात भित्रा माणूस. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात आयुष्यभर स्टोअरची कारकुनी केली, पण तिथल्या उंच चिमण्यांखालून जाताना कधी मान वर करून बघितलं नाही. अशा माणसाने निवृत्तीनंतर लढायांच्या कादंबऱ्या लिहायला घ्याव्यात, हा आमच्या घरातला कायमचा विनोद आहे. पुस्तकात मी शंभर मुंडकी उडवतो आणि घरात पाल दिसली की बायकोला हाक मारतो.

मालिका पाच भागांची ठरली होती. चार भाग आले. एका किल्ल्याचा वेढा आणि त्यात उभी राहिलेली किल्लेदारीण, एवढाच तिचा जीव. किल्ला खरा, वेढा खरा, किल्लेदाराचं नावही दोन जुन्या कागदांत सापडतं. त्याला बायको होती की नव्हती, देव जाणे. ती मी दिली. पहिल्या भागाच्या प्रस्तावनेत मी ते स्वच्छ लिहिलंही होतं, पण प्रस्तावना वाचतो कोण? लोक थेट घोड्यावर बसतात.

माझी लिहायची एक खोड आहे. खुर्चीत बसून मला मुलूख दिसत नाही. म्हणून किल्ल्याच्या आसपासची गावं मी पायी हिंडायचो. वहीत झाडं, विहिरी, ओढे, बांध टिपायचे आणि जसेच्या तसे कादंबरीत घालायचे. चौथ्या भागाच्या शेवटी किल्लेदारीण जखमी होऊन किल्ल्यावरून खाली येते आणि पायऱ्यांच्या विहिरीपाशी, दोन चिंचांच्या मध्ये कोसळते. पुढं काय, ते पाचव्यात. ही विहीर मी चांदवडच्या अलीकडच्या एका गावात बघितली होती. उन्हाची वेळ होती, सावलीत बसून डबा खाल्ला होता. जागा आवडली, उचलली. जागेला मालक असतो, हे काही त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

चौथा भाग निघाल्यावर जो तो मला एकच विचारायला लागला. भाजीवाली मेथीची जुडी हातात धरून विचारायची, ती वाचते ना हो? दातांच्या डॉक्टरने माझं तोंड उघडं करून, आत अवजार घालून विचारलं की सहावा भाग पण काढणार का. मी आपला आ वासून मान हलवली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं. उभ्या जन्मात माझ्या पुढच्या बेताची कुणी चौकशी केली नव्हती.

मग त्या गावच्या तरुण मंडळाच्या अध्यक्षाचा फोन आला. आवाज नम्र, शब्दाशब्दाला सर. त्यांना पाचव्या भागात पुण्यतिथीची तिथी येणार का, ते हवं होतं. बॅनर छापायचे होते. मी म्हटलं, कुणाची पुण्यतिथी? तर म्हणाला, किल्लेदारीणबाईंची, सर. मला हसू आलं आणि मी ते खोकल्यात लपवलं. तिथेच चूक झाली. त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. पण मी म्हणालो, बघतो, अजून लिहितोय. दुसऱ्या दिवशी त्याने फोटो पाठवला. विहिरीकाठी शेंदूर फासलेला दगड, शेजारी झेंडा, आणि भोवती पांढऱ्या फक्कीने आखलेला मोठा चौकोन. खाली लिहिलं होतं, स्मारकाची नियोजित जागा.  मी फोन पालथा करून ठेवला आणि आठवडाभर त्या मुलाचा फोन उचलला नाही.

त्या आठवड्यानंतर एका मंगळवारी दुपारी नाशिकला आमच्या दाराची बेल वाजली. पन्नाशीची एक बाई उभी होती. कापडी पिशवीत चौथा भाग, त्यावर भाजीच्या पानाचा डाग. चांदवडकडून दोन गाड्या बदलून आली होती. बायकोने पाणी दिलं. बाईने तांब्या रिकामा केला आणि सांगितलं की ते विहिरीचं रान तिचं. तीस गुंठे, तेवढंच. नवरा पिकअप चालवतो, सटाण्याच्या व्यापाऱ्यांचा कांदा वाहतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. कांदा साठवायची चाळ तिने विहिरीला लागून बांधलेली. फक्कीची रेघ त्या चाळीच्या मधून गेली होती. पोरं म्हणत होती की पाचवा भाग आला, बाई तिथंच वारली असं छापून आलं, की काम सुरू. मुलीकडून तिने अख्खं पुस्तक वाचून घेतलं होतं, पण शेवट त्यात नव्हता. म्हणून ती थेट माझ्याकडे आली होती.

"मरती का वो ती तिथं?" तिने विचारलं.

माझ्या पुढच्या बेताची इतक्या लोकांनी चौकशी केली, पण असं कुणी विचारलं नव्हतं. हात मांडीवर घट्ट धरलेले, आणि डोळे माझ्या तोंडावर. मी टेबलाकडे बघितलं. तिथे पाचव्या भागाचं पहिलं प्रकरण पडलं होतं. त्यात ती तिथेच मरत होती, सहा पानं लावून. मी मोठ्या प्रेमाने लिहिली होती ती पानं.

मी तिला सगळं सांगितलं. किल्लेदारीण कधी झालीच नाही, मी इथे, या टेबलावर तिला बनवली.  राग नव्हता बाईच्या चेहऱ्यावर, नुसता हिशेब लागत नसल्यासारखं काहीतरी होतं. मग तिने पुस्तक पिशवीत घातलं आणि म्हणाली, मग तर मिटलंच की सर. येवढंच गावात येऊन सांगा.

येवढंच! मला त्या रात्री जेवण गेलं नाही. लेखकांचं काय काय होतं ते मी पेपरात वाचत आलोय. तोंडाला काळं, घराच्या काचा, माफीचे व्हिडिओ. बायको म्हणाली, पत्र लिहा, कुरिअर करा, जाऊ नका. मलाही तेच हवं होतं. पण त्या बाईने निघताना उंबऱ्याशी थांबून विचारलं होतं की कधी येता, आणि मी घाबरून रविवार म्हणून बसलो होतो.

रविवारी सकाळी चांदवडला उतरलो तर अध्यक्ष मोटारसायकल घेऊन हजर. तिशीचा, स्वच्छ पांढरा शर्ट, माझ्या पाया पडला. त्याच्या मागे बसून गावात शिरलो. देवळाच्या सभामंडपात गाव जमलं होतं. शाल दिली, नारळ दिला, एका पोरीने किल्लेदारणीचा संवाद म्हणून दाखवला. माझाच संवाद. लिहिताना मी चहा पीत होतो, हे मला लख्ख आठवत होतं, आणि इथे चार म्हाताऱ्या तो ऐकून डोळे पुसत होत्या. खांबाशी बायकांच्या मागे ती बाई बसली होती. माझ्याकडे बघत होती.

माइक हातात आला. मी एका दमात बोलून टाकलं. किल्लेदारीण खरी नाही. कुठल्या कागदात नाही. मी कल्पनेने लिहिली. माझी चूक झाली, मी तुमच्या गावची खरी विहीर त्यात घालायला नको होती. त्या जागेशी इतिहासाचा काही संबंध नाही.

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. पण सगळा मंडप माझ्याकडे असा बघायला लागला, जसं घरातल्या आजारी माणसाकडे बघतात. अध्यक्षाने माझ्या हातातून माइक हळूच काढून घेतला, बंद केला, आणि अगदी मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सर, कुणी दाब टाकला का तुमच्यावर? नाव सांगा फक्त."

मी नाही नाही म्हणालो, आणि माझा आवाज इतका थरथरला की खरं सांगणाऱ्याचा वाटेना. मागून कुणीतरी म्हणालं की मंगळवारी विहिरीवालीला नाशिकच्या गाडीत बसताना बघितलं व्हतं. एकेक मान खांबाकडे वळली. तिच्या शेजारच्या दोन बायका जरा सरकून बसल्या. बाईने पदर तोंडाशी धरला. मारायला कुणी उठलं नाही, पण उद्यापासून तिला पाण्याला, चक्कीला, दुकानात जायचं होतं ते याच माणसांतून. माझ्या खऱ्या बोलण्याने मी तिला त्या मंडपात एकटी पाडली होती. मी संध्याकाळी नाशिकला पोचणार होतो. ती कुठे जाणार होती?

मी माइक परत मागितला. काय बोलणार ते मला स्वतःला माहीत नव्हतं. तोंडातून निघालं की कुणी दाब टाकलेला नाही, मी तुमच्या श्रद्धेची परीक्षा बघत होतो. हे वाक्य आठवलं की आजही माझी मान खाली जाते. मंडप हलला. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, काहीजण हसलेसुद्धा. मी पुढे रेटलं. ती इथे मरत नाही, म्हणालो. विहिरीचं पाणी पिऊन ती उठते आणि निघून जाते.

अध्यक्षाने खिशातून पेन काढलं. कुठे जाते, सर?

डोक्यात माझी वही उघडली. पुढचा ओढा? त्याच्या काठी कुणाची तरी द्राक्षं होती. ओढ्यापलीकडचा माळ? तिथे पाच-सहा घरं होती, मी त्यांच्या ओट्यावर ताक प्यालो होतो. जिथे म्हणून तिला नेऊन ठेवावी, तिथे कुणीतरी राहत होतं, पिकवत होतं, काहीतरी विकत होतं. मी घाबरत घाबरत नाशिक म्हणालो. गोदावरीवर का, असं कुणीतरी विचारलं, आणि मला घाटावरच्या फुलवाल्या बायका दिसल्या, त्यांच्या टोपल्यांमधून जाणारी फक्कीची रेघ दिसली.

"नाही," मी म्हणालो. "आत्ता माझं घर आहे ना, तिथे."

हेही पुरलं नाही. मी म्हणालो की म्हणून तर ती जागा घेतली. मी काय बोलतोय ते माझ्या कानांना ऐकू येत होतं आणि थांबवता येत नव्हतं. ते घर आम्ही एकलहऱ्याला जायची बस जवळ म्हणून घेतलं होतं. पण मंडपातली म्हातारी माणसं उठली आणि रांगेने माझ्या पाया पडायला लागली. मारहाणीला मी तयार होऊन गेलो होतो, याला नव्हतो. 

त्याच संध्याकाळी विहिरीवरचा झेंडा उतरला. अध्यक्षाने फोटो पाठवला, पोरं खराट्याने फक्कीच्या रेघा पुसत होती. शब्दाची पक्की पोरं. बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदाच माझ्या भित्रेपणावर हसली नाही. एवढंच म्हणाली, म्हणजे आता इथे येतील.

दोन आठवड्यांनी आले. बाईच्या नवऱ्याचीच पिकअप होती. दहा माणसं, त्यांत ती बाई, आणि गोणपाटात गुंडाळलेला तो शेंदराचा दगड. मी पडद्याआडून बघत होतो, दाराला आतून कडी. शेवटी बायकोनेच कडी काढली. त्यांनी फाटकाबाहेर चपला काढल्या, एक कुंडी बाजूला सरकवली आणि कंपाउंडच्या भिंतीशी दगड मांडला. अध्यक्षाने भिंतीची लांबी पावलांनी मोजली आणि म्हणाला, सध्या एवढंच, सर, मोठं काय ते पाचवा भाग आल्यावर बघू. चहा झाला. शेजारचे निवृत्त मास्तर कुंपणावरून वाकून बघून गेले, आणि जाताना छातीला हात लावून गेले.

सगळे गाडीत चढले, ती बाई मागे राहिली. पिशवीतून हळद-कुंकवाची पुडी काढून ती दगडापुढे बसली. मला राहवलं नाही. अख्ख्या गावात ही एकच बाई होती जिला मी कडी न लावता, शाल अंगावर न घेता खरं सांगितलं होतं. मी शेजारी वाकलो आणि कुजबुजलो की ताई, तुम्हाला तर माहीत आहे, ही नव्हती.

तिने कुंकू लावायचं थांबवलं नाही.

"नसंल," ती म्हणाली. "पन माझ्या रानातून उठून गेली ना? मी तुमच्याकडं आले तवा तुमी काय म्हनले, ती नव्हतीच म्हनून गावात सांगतो. तुमच्या नाय म्हनन्यानं झालं काय? मंडपात माझ्याकडं बघत व्हते सगळे. ती उठली म्हनून माझी चाळ ऱ्हायली."

मग तिने पदर डोक्यावर घेतला आणि त्या दगडापुढे कपाळ टेकलं, चांगलं बराच वेळ. गाडीचा हॉर्न वाजला तरी उठली नाही. पाचव्या भागाची ती सहा पानं आत टेबलावर होती. मी उघड्या दारातून त्यांच्याकडे बघितलं, आणि त्या दिवसापर्यंत मला माणसांची जी भीती वाटत आली होती, ती पहिल्यांदा त्या कधी नसलेल्या बाईची वाटली, जिला मी त्या पानांत मारणार होतो.